सूर्य आधी मुरुडवर, मग मक्केवर

अम्मीच्या खाटेचे तोंड नेमके कुठे असावे, हा प्रश्न आमच्या मुरुडच्या घरात अधूनमधून निघायचा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात जुन्या घराची कौले उडाली, मागची भिंत बसली. त्याच डिसेंबरात मागच्या बाजूला एक नवी खोली उभी राहिली. गुडघ्यांमुळे अम्मी आता खाटेवर बसूनच नमाज पढते. खोलीत पहिला मुक्काम पडला त्या संध्याकाळी कोणीतरी, बहुधा मीच, म्हणालो, “सूर्य बुडतो तिकडे किब्ला.” खिडकीतून सूर्य बुडताना दिसत होता. त्याच्या रोखाने खाट लावली आणि विषय संपला.

तो या मे महिन्यात पुन्हा उघडला. पनवेलहून बहिणीची दोन्ही मुले सुट्टीला आली होती. भाचा नववीतून दहावीत गेलेला. त्याने मोबाईलवर किब्ला पाहिला, तर बाण खिडकीच्या बऱ्याच उजवीकडे. बहिणीच्या मोबाईलवर तो भलतीकडेच, लोखंडी कपाटाच्या दिशेने. नव्या खोलीच्या भिंतींत सळ्या, शेजारी कपाट. मोबाईलमधला होकायंत्र तरी काय करणार! पण अम्मीचे मन बसेना. “इतकी वर्षं मी कुठं तोंड करून बसत होते रे?” एवढेच ती म्हणाली. मला उत्तर देता आले नाही.

मुरुड समुद्राला लागून आहे. किनाऱ्यावर उभे राहिले की पाण्यात कासा किल्ला, म्हणजे पद्मदुर्ग, दिसतो. दक्षिणेला राजपुरीहून होडीने जंजिऱ्याला जातात. इथे सगळ्यांना पश्चिम माहीत असते, कारण समुद्र तिकडेच आहे. त्यामुळेच घोटाळा होतो. सूर्य नेमका पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या 21-22 तारखेच्या आसपास. डिसेंबरात तो इथून पश्चिमेच्या 25 अंश दक्षिणेकडे बुडतो, आणि मेअखेरीस 22-23 अंश उत्तरेकडे. किब्ला मात्र जागचा हलत नाही. मुरुडहून तो पश्चिमेच्या सुमारे 11 अंश उत्तरेला आहे. आम्ही खाट लावली होती डिसेंबरच्या सूर्याकडे.

हे कागदावर सांगून अम्मीला पटले नसते. मुलांनाही नाही. म्हणून आम्ही सूर्यालाच विचारायचे ठरवले.

13 मेच्या सुमारास मुरुडवर सूर्य दुपारी थेट माथ्यावर येतो. अंगणात तीन फुटांची काठी रोवली, गवंड्याचा ओळंबा लावून ती सरळ केली. बारा वाजले तरी सावली होतीच. भाचा म्हणाला, “मामू, बारा वाजून गेले की!” पण आपले घड्याळ चालते ते मिर्झापूरजवळच्या 82.5 अंश रेखांशावर. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आपला जवाल उशिरा. 12.35 च्या सुमारास काठीची सावली तिच्या बुडात शिरली. धाकटी भाची धावत विहिरीकडे गेली. ऊन सरळ तळाच्या पाण्यावर पडले होते.

त्या दिवशी असरही मुलांनी काठीवरच मोजली. आम्ही कोकणी लोक शाफई. वस्तूची सावली, जवालाची सावली वजा करून, वस्तूएवढी झाली की असरची वेळ सुरू. आज वजा करायला काहीच नव्हते. पावणेचारच्या सुमारास सावली बरोबर तीन फूट भरली आणि थोड्याच वेळात मशिदीत अजान झाली. मशिदीत लावलेले वेळापत्रक असे सावलीतून आले आहे, हे भाच्याला तोवर ठाऊक नव्हते. तो समजत होता, ते छापखान्यात ठरते.

संध्याकाळी एका शहाळ्यात वेताची काडी आरपार घातली, ती थोडी कलती धरली आणि पडवीतल्या बल्बभोवती फिरवली. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे आणि वर्षभर तो एकाच बाजूला रोखलेला राहतो. म्हणून सूर्य माथ्यावर येण्याचे ठिकाण कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये वरखाली सरकत राहते. मुरुड 18.3 अंश उत्तरेला, मक्का 21.4 अंशांवर. उत्तरेकडे निघालेला सूर्य आधी आमच्या अंगणावर येतो आणि पंधरा दिवसांनी, 28 मे रोजी (लीप वर्षात 27 मे), काबागृहावर. तिथे 12.18 वाजता तो बरोबर माथ्यावर असतो. आपल्याकडे तेव्हा 2.48 झालेले असतात. 21 जूनला कर्कवृत्त गाठून तो परत फिरतो, 16 जुलैच्या सुमारास पुन्हा मक्केवर आणि जुलैअखेर पुन्हा मुरुडवर. पण ती परतीची वाट आपल्याला पावसात कुठली दिसायला!

काबागृहाच्या माथ्यावर सूर्य असताना जगात जिथे कुठे ऊन आहे, तिथली सावली किब्ल्याच्या बरोबर उलट पडते. ही युक्ती नसीरुद्दीन तूसी (1201–1274) यांनी आपल्या ‘तज्किरा’ या ग्रंथात सांगून ठेवली आहे. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता.

“मग ही चांदची कितवी तारीख?” धाकटीने विचारले. प्रश्न फार चांगला होता. चांदचे बारा महिने साधारण 354 दिवसांत संपतात, सूर्याच्या वर्षापेक्षा 11 दिवस आधी. त्यामुळे हा दिवस दर वर्षी चांदच्या वेगळ्या तारखेला येतो. रोजे आणि ईद चंद्रावर, नमाजच्या वेळा सूर्यावर.

चंद्राचा हिशेब राजपुरीच्या होडीवाल्याकडे पक्का होता. जंजिऱ्याला जाताना त्याने मुलांना भरतीचे गणित शिकवले: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. चंद्र रोज पृथ्वीभोवती थोडा पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. चांदची तारीख तिथीच्या एखादा दिवस मागे असते, तेवढे तो मनातच जुळवून घेतो. मधल्या दिवसांत अमावस्या झाली आणि नंतरच्या संध्याकाळी किनाऱ्यावर मुलांना कोवळी कोर दिसली, होडीसारखी आडवी, उजळ बाजू बुडालेल्या सूर्याकडे. भाचीने वहीत ती काढली आणि कोरीच्या पोटात एक तारा घातला. मी म्हटले, तिथे चंद्राचाच न दिसणारा भाग आहे, तारा त्याच्या आड जाईल. तिने तारा खोडला नाही. चित्र छान दिसते म्हणाली.

28 मे रोजी सकाळपासून आभाळ होते. अडीच वाजता पश्चिमेकडून एक काळा ढग आला आणि अम्मी पडवीत तसबीह घेऊन बसली. खरे तर एखादा दिवस मागेपुढे झाला तरी अर्ध्या अंशाहून कमी फरक पडतो. पण हे ऐकायला मुले तयार नव्हती. 2.44 ला ऊन आले. काठी नव्या खोलीच्या दारासमोर रोवली होती. भाचा मोबाईलमध्ये सेकंद मोजत होता. 2.48 ला त्याने सावलीच्या टोकाशी खिळा ठोकला. खिळ्यापासून काठीच्या बुडाकडे दोरी ताणली आणि तीच सरळ दारातून आत नेली.

सावली भरली 22 इंच. भाच्याने आत बसून त्रिकोणमिती केली: 36 इंचांच्या काठीला 22 इंच सावली, म्हणजे सूर्य माथ्यापासून सुमारे 31 अंश ढळलेला. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, त्यातले 360 पैकी 31 अंश. उत्तर आले 3,450 किलोमीटरच्या आसपास. “मामू, एवढंच लांब आहे मक्का?” तो काठीकडे बघत राहिला.

अम्मीला त्या आकड्याशी देणेघेणे नव्हते. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि फरशीवरची दोरी पाहत होती. दोरी आणि तिची बसण्याची दिशा यांत 36 अंशांचे अंतर निघाले, घड्याळातल्या एका आकड्याहून जास्त. ती काही बोलली नाही. मागच्या नमाजांचे काय, ते तिने नंतर इमामसाहेबांना बोलावून विचारले. ते दोघांत राहिले.

खाट शिसवी आहे, तिला हलवायला चौघे लागलो. आता तोंड केले की समोर खिडकी येत नाही, कोरी भिंत येते. मी म्हटले, समुद्र दिसायचा बंद झाला. “दिसू दे भिंत,” अम्मी म्हणाली आणि असरच्या वजूसाठी पाणी मागितले.

दोरीखाली भाच्याने तैलरंगाने बारीक रेघ ओढली आहे. रेघेच्या कडेला धाकटीने लिहिले: 28 मे, 2.48. तिच्या पुढे एक तारा.