पाण्याचं माप

प्रयोगशाळेत नव्याने आलेली मुलं विचारतात, "सर, यील्ड किती आलं?" आमच्या पाण्यात तुटणाऱ्या रेणूंच्या बाबतीत मी उलट विचारतो, "किती वाजता?"

इथरची लांब साखळी, दोन्ही टोकांना कार्बॉक्सिलिक आम्ल. त्यात कार्बोडायइमाइड हे इंधन घातलं की टोकं जुळून अनहायड्राइड होतं आणि साखळीचं कडं बनतं. आधीच तयार असलेल्या कड्यावर असाच पूल बांधला, तर पिंजरा. मग द्रावणातलं पाणी तोच बंध फोडतं आणि मूळचं आम्ल परत मिळतं. इंधन घाला, पुन्हा पिंजरा. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात स्कॉट हार्टली यांच्या गटाने या वाटेवर बरंच काम केलंय.

पेडरसन यांनी 1967 मध्ये जगापुढे ठेवलेले क्राउन इथर, म्हणजे धातूचा आयन पोटात धरणारी इथरची कडी, बाटलीत वर्षानुवर्षं राहतात. आमचं कडं पाण्यापुढे टिकत नाही. पण खरी पंचाईत पुढेच आहे: पाणी बंध तोडतं, शिवाय धातूच्या आयनालाही स्वतःच घेरून बसतं. 18-क्राउन-6 पोटॅशियमला मेथेनॉलमध्ये पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट घट्ट धरतं. म्हणजे पाणी जास्त झालं तर पकड ढिली आणि आयुष्य तोकडं. फार कमी झालं तर पिंजरा उघडायचं नावच घेत नाही. त्यात उघड्या साखळीच्या ऋणभारित टोकांनाही धातू चिकटतोच. धातू नक्की पिंजऱ्यातच गेला, हे सिद्ध करायला वेगळी मोजणी लागते. बंध तुटण्याचा नुसता बदललेला वेग पुरावा होत नाही.

त्यामुळे आमचं निम्मं कौशल्य पाणी मोजण्यात जातं. कार्बोडायइमाइडची बाटली फ्रीझरमधून काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर हवेतली वाफ आत पाणी होऊन साचते. (हे दर जूनमध्ये नव्याने सांगावं लागतं.) मग इंधन घातलं की इन्फ्रारेडवर 1800 cm⁻¹ च्या आसपासची अनहायड्राइडची पट्टी चढते, रेंगाळते, उतरते.

या चढउताराला 'सजीवांसारखं' म्हणायची हल्ली फॅशन आहे. मला ते पटत नाही. पेशी आपला कचरा बाहेर टाकते. आमच्या चंबूत इंधनाचा युरिया दर फेरीला साचत जातो आणि थोडं आम्ल अ‍ॅसिल-युरिया होऊन कायमचं वाया जातं. म्हणून असा दावा करणारा पेपर हाती आला, की मी पहिल्या फेरीचा आलेख सोडून थेट शेवटच्या फेरीचा शोधतो. बहुतेकदा तिथली पट्टी बुटकी असते.