शून्याचा मान

गत वर्षीं आमच्या शाळेंत वक्तृत्वस्पर्धा झाली, तेव्हां वक्त्यांस वेळ दाखविणारें घड्याळ संगणकाच्या पडद्यावर मांडण्याचें काम आम्हांकडे आलें. १९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा उभा केला, त्या जावास्क्रिप्ट भाषेंत आम्हीं एक घटक रचिला. अशा घटकास कंपोनंट म्हणतात. तो एकदां रचिला म्हणजे अनेक ठिकाणीं बसवितां येतो, व जागेच्या गरजेप्रमाणें त्यांतील कांहीं बाबी बदलतां येतात. आमच्या घड्याळांत अशा दोन बाबी होत्या: भाषणाचा एकूण वेळ, आणि किती सेकंद उरले असतां इशाऱ्याची घंटा वाजावी तो आंकडा. एखादी बाब कोणीं न सांगितल्यास घटकानें आपल्या पदरची ठरीव किंमत घ्यावी, अशी योजना होती. घंटेसाठीं ती किंमत आम्हीं ३० सेकंद ठेविली होती.

लहान गटांतील मुलें घंटेनें बावरतात, म्हणून त्यांच्यासाठीं ती नको असें आमच्या सरांनीं ठरविलें व त्या जागीं स्वतः शून्य लिहिलें. स्पर्धेच्या दिवशीं पांचवींतील एक मुलगी प्रथम बोलावयास उभी राहिली. ती धीटपणें बोलत असतां ऐन रंगांत घंटा खणखणली. ती दचकली, पुढचें वाक्य तिला आठवेना, आणि डोळे पुसत ती व्यासपीठावरून उतरली. "सर शून्य लिहावयास विसरले असतील," असें आम्ही शेजाऱ्यास म्हणालों. तें वाक्य अद्यापि आम्हांस टोंचतें.

रात्रीं उघडून पाहतों तों सरांचें शून्य जागच्या जागीं होतें! ठरीव किंमत भरण्यासाठीं आम्हीं दोन उभ्या रेघांचें चिन्ह योजिलें होतें. डावीकडील किंमत असत्यवत् असली कीं तें चिन्ह उजवीकडील किंमत उचलतें. आणि या भाषेंत शून्य, कोरा मजकूर व स्पष्ट नकार हीं सारीं असत्यवत् मानलीं जातात. सरांनीं मुद्दाम दिलेलें शून्य आमच्या घटकानें न दिल्यासारखें मानलें.

पंगतींत जो कांहीं बोलत नाहीं, त्याच्या भातावर वाढप्यानें रीतीप्रमाणें तूप वाढावें हें ठीक. पण पानावर आडवा हात धरून 'नको' म्हणणाऱ्याच्या भातावरहि तूप ओतलें, तर त्यास आग्रह म्हणावें कीं बहिरेपणा? आमचें घड्याळ म्हणजे असाच एक बहिरा वाढपी.

उपाय सोपा होता. २०२० सालच्या आवृत्तींत दोन प्रश्नचिन्हांचें एक चिन्ह आलें. किंमत 'नल' किंवा 'अनडिफाइन्ड' असेल तरच तें ठरीव किंमत घेतें. शून्याचा मान राखतें. २०१५ पासून फंक्शनच्या कंसांतच ठरीव किंमत लिहितां येते. पण ती फक्त 'अनडिफाइन्ड' असतांच लागू होते, 'नल' पाठविल्यास तोच आंत शिरतो.

पुढें साऱ्या ठरीव किंमती एका यादींत गोळा केल्या, तेव्हां दुसरी चूक झाली. लहान गटाच्या बाबी आम्हीं त्या मूळ यादींतच मिसळल्या. लगेच मोठ्या गटाचें घड्याळहि लहानांचाच वेळ दाखवूं लागलें. आतां आम्ही प्रथम कोरी यादी घेतों, तींत ठरीव किंमती उतरवितों, व त्यांवर वापरणाराच्या बाबी लिहितों. मूळ यादीस हात लावीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सरांपुढें सर्व कबूल केलें, शेजाऱ्याशीं काढलेल्या उद्गारांसह. ते रागावले नाहींत. "आधीं तिला सांगून ये," एवढेंच म्हणाले. तिनें सारें ऐकून घेतलें व विचारलें, "मग आतां घंटा वाजणार नाहीं ना?" पुढील शुक्रवारीं प्रार्थनेनंतर सरांनीं तिला पुन्हां बोलावयास उभें केलें. पडद्यावर तेंच घड्याळ होतें, त्यांत तेंच शून्य होतें. तिनें भाषण शेवटपर्यंत केलें. घंटा वाजली नाहीं. टाळ्या मात्र वाजल्या.

असो. घटकांतील चूक एका चिन्हानें सुधारली. पण कांहीं बिघडलें कीं दोष दुसऱ्याचाच असावा, ही आमच्या मनांत बसलेली ठरीव किंमत बदलावयास एवढा सोपा उपाय नाहीं. ती आम्ही रोज थोडी थोडी बदलीत आहों.