आधी कोणाला खोकला होता?

मंडळी, गेल्या महिन्यात आमची नात सुट्टीला आली होती. डांग्या खोकल्याच्या जिवाणूवर पीएच.डी. करते आहे. चहा पिताना म्हणाली, "आजी, तू पाहिलाय का गं डांग्या खोकला? मी आपली काचेच्या बशीतले जिवाणूच बघते."

पाहिलाय. १९६० साली मी दुसरीत होते आणि धाकटा भाऊ जेमतेम सव्वा महिन्याचा. तो फारसा खोकलाही नाही. दूध पिता पिता निळा पडायचा, श्वास थांबायचा. चौथ्या दिवशी गेला. आई जन्मभर म्हणत राहिली, बाळंतपणात मला गार वारा बाधला, त्याचंच हे.

नातीने सहज विचारलं, "घरात आधी कोणाला खोकला होता?"

मी गप्प झाले. मलाच होता. शाळेतून आणलेला. खोकून खोकून उलटी व्हायची. आणि बाळाला मांडीवर घेऊन मीच बसायचे. इतक्या वर्षांत हे मी कोणाला बोलले नव्हते.

तिच्या लक्षात आलं. शेजारी येऊन बसली आणि मग तिने माझा वर्ग घेतला. हा जिवाणू श्वासनळीतल्या बारीक केसांना चिकटतो आणि विष सोडतो. तो मेल्यावरही खोकला कित्येक आठवडे टिकतो. तान्ह्या बाळाला मात्र कधी कधी खोकल्याची ढास येतच नाही, श्वासच थांबतो. आपल्याकडे पहिला डोस आजही दीड महिन्याला असतो, म्हणून ब्रिटनमध्ये २०१२ पासून गरोदर बाईलाच लस देतात. आईकडून बाळाला संरक्षण मिळतं.

लशीची गोष्टही तिनेच सांगितली. १९३०च्या दशकात अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स या शहरात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी दिवसाची नोकरी संपवून संध्याकाळी घरोघर जात. आजारी मुलांना बशीवर खोकायला लावत आणि त्यातून जिवाणू मिळवत. दोघीही आधी शाळेत शिक्षिका होत्या! हे ऐकून मला उगीचच बरं वाटलं.

"म्हणजे आजी, लस तुझ्या जन्माआधीच तयार होती," नात म्हणाली. "ती तुमच्या गावापर्यंत पोचली नाही. यात सात वर्षांच्या मुलीचा काय दोष?"

यावर मी काही बोलले नाही. पण त्या रात्री आईची फार आठवण आली. हे तिलाही कोणीतरी सांगायला हवं होतं.

असो. पुढच्या महिन्यात नातसुनेचं बाळंतपण आमच्याकडे आहे. लहानपणी घेतलेली लस जन्मभर पुरत नाही, आणि मोठ्यांचा साधा वाटणारा खोकलाही बाळाला महागात पडू शकतो. तेव्हा बाळ बघायला जरूर या, पण खोकला असेल तर आधी फोन करा. मी "आत्ता नको" म्हटलं तर रागावू नका.