सोनवड्याच्या माणसाची चाल

आम्हाला गाणं शिकवणाऱ्या बाई गेल्या. भेटायला गेले तेव्हा ओटीवर त्यांची पेटी तशीच होती. झाकण उघडलं आणि भात्याच्या जुन्या कातड्याचा, कापराचा वास आला. बोटं आपसूक पट्ट्यांवर गेली ती 'जिंकू किंवा मरू'च्या चालीवर. सुतकाच्या घरात युद्धगीत! झाकण लावलं, तरी डोक्यातली चाल थांबेना.

डिसेंबर 1971. मालवणच्या शाळेच्या पटांगणात आम्ही हेच गाणं म्हणायला रांगेत उभे. माझ्या पुढची मुलगी धृपदाचे पहिले दोन शब्द म्हणायची आणि तिसऱ्याला तोंड मिटायची. तिचे वडील नौदलात. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं आपली युद्धनौका 'खुक्री' बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. वडील नक्की कुठल्या बोटीवर आहेत, हे तिला सांगता येत नव्हतं. तिची आई आमच्या खळ्यात येऊन आईला एवढंच म्हणायची, "किती दिस झाले गो, पत्र येवक नाय."

तिचं ते मिटलेलं तोंड मी विसरू शकले नाही.

'जिंकू किंवा मरू'चा जन्म आधीच्या एका युद्धातला. 20 ऑक्टोबर 1962 ला चीननं हल्ला केला, महिनाभरात आपली मान खाली गेली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं घरोघर बोललं जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी 'छोटा जवान' हा चित्रपट आला, त्यातलं हे गाणं. गीत गदिमांचं, आवाज महेंद्र कपूर यांचा, संगीत वसंत देसाईंचं. लढणाऱ्यांत गदिमांनी सैनिकांबरोबर नागरिकांना, बायकांना आणि मुलांनाही ओढून घेतलं. म्हणून ते शाळेत शिरलं आणि तिथलंच झालं.

इथं माझी जुनी तक्रार आहे. त्याच 1963 च्या 27 जानेवारीला दिल्लीत लताबाईंनी गायलेलं 'ऐ मेरे वतन के लोगो' कुणी रचलं, कुणी गायलं, ऐकताना कुणाचे डोळे भरून आले, हे सगळ्या देशाला पाठ आहे. त्या गाण्याचा मला दुस्वास नाही, सी. रामचंद्रांची चाल ऐकून मीही रडते. पण आमचं गाणं दर पंधरा ऑगस्टला गल्लीगल्लीत वाजतं आणि ते बसवणारा माणूस 1912 साली कुडाळजवळच्या सोनवड्यात, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानात जन्मला, हे आमच्या जिल्ह्यातसुद्धा कुणी मुलांना सांगत नाही. मालवणहून तासाभराच्या वाटेवरचा माणूस! मलाही ते फार उशिरा, एका पुस्तकात वाचून कळलं. मी दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले होते.

त्याच पुस्तकात एक गोष्ट अशी होती की ती अजून मला नीट कुठे ठेवता येत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता 9 डिसेंबर 1942 ला तिथंच वारले. (तारीख 'खुक्री'चीच, वर्ष तेवढं वेगळं.) शांतारामबापूंनी 1946 मध्ये त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. संगीत वसंत देसाईंचं. चीनसाठी मेलेल्या मराठी डॉक्टरला ज्यानं सूर दिले, त्यानंच सतरा वर्षांनी चीनशी झालेल्या लढाईनंतर हे गाणं बसवलं. गाण्यात शत्रूदेशाचं नाव नाही, शत्रू माणुसकीचा आहे. शब्द गदिमांचे, हे खरं. पण चाल लावताना देसाईंना कोटणीस आठवले असतील, असं मी धरून चालते.

तर ती मुलगी. बाईंनी तिला एकदाही टोकलं नाही. "मोठ्यानं म्हण गो" असं बाकी सगळ्यांना ओरडणाऱ्या बाई तिच्याजवळून नुसत्या गेल्या. दुसऱ्या सकाळी पेटीवर वेगळाच सूर लागला, 'ऐ मालिक तेरे बंदे हम'. 'दो आँखें बारह हाथ'मधली 1957 ची प्रार्थना. ती मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली, गळ्याच्या शिरा ताणून. वडिलांचं पत्र येईपर्यंत बाईंनी तीच प्रार्थना चालवली. कारण कुणाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या प्रार्थनेचं संगीतही सोनवड्याच्याच माणसाचं, हे बाईंना ठाऊक होतं की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

वसंत देसाई 22 डिसेंबर 1975 ला मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले. शेकडो मुलांना एका सुरात गायला लावण्याचा त्यांना ध्यास होता. पण एका सुरात गाणाऱ्या शेकडो मुलांतलं एक मिटलेलं तोंड ओळखायला समोर बाईंसारखं माणूस लागतं. आमच्या जिल्ह्यात आजही शाळेच्या रांगेतल्या कुणाचा बाप मराठा लाइट इन्फन्ट्रीत असतो, कुणाचा भाऊ नौदलात. गाणं म्हणावंच, छाती काढून म्हणावं. मी अजून म्हणते. मात्र म्हणून घेणाऱ्यानं आधी रांगेवरून एकदा नजर फिरवावी, आणि एखादं पोर तिसऱ्या शब्दाला थांबत असेल तर त्या दिवसापुरतं गाणं बदलावं. देशाचं त्यात काहीच कमी होत नाही.