पिष्टपेषण

दळलेलें पीठ पुन्हा जात्यांत घालणें यास संस्कृतांत 'पिष्टपेषण' म्हणतात. हा शब्द मुलांस समजावून देण्यांत आमचें आयुष्य गेलें. परंतु त्याचें ताजें उदाहरण आमच्याच घरीं सूनबाईच्या टेबलावर सांपडेल असें कधीं वाटलें नव्हतें.

गेल्या गणेशोत्सवांत सायंकाळच्या आरतीस सारें घर जमलें, आणि सूनबाई मात्र संगणकापुढें खिळून बसली होती. ती पुण्याच्या एका कंपनींत सॉफ्टवेअर लिहिते. विचारलें तर म्हणाली, "बाबा, माझी दुरुस्ती दोन ओळींची आहे, पण चाचण्यांची रांगच पुढें सरकत नाहीं."

आरतीनंतर तिनें आम्हांस सर्व समजावून दिलें. (या वयांत सुनेचें शिष्यत्व पत्करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.) कोणीं नवी दुरुस्ती सामाइक संग्रहांत धाडली कीं यंत्र आपोआप सगळ्या चाचण्या चालवितें. धाडणाऱ्यास लगेच आपली चूक दिसते. तो दहा मिनिटांत दुसरी, मग तिसरी दुरुस्ती धाडतो. तरी यंत्र पहिलीचीच तपासणी इमानानें करीत राहतें, आणि जिचा निकाल आतां कोणासच नको, तिच्यामागें इतरांचीं कामें तिष्ठत राहतात. कित्येक ठिकाणीं तर एकच दुरुस्ती शाखेवर आली म्हणून एकदां, आणि ती विलीन करण्याची विनंति झाली म्हणून पुन्हा, अशी दोनदां तपासली जाते.

आम्हीं तत्काळ निकाल दिला : नवी वही आली कीं जुनी बाजूस सारावी! सूनबाई हंसली. तशी सोय आहेच, म्हणाली. गिटहबवर २०२१ सालापासून एका शाखेच्या तपासण्या एका गटांत बांधून 'कॅन्सल-इन-प्रोग्रेस' असें लिहितां येतें. मग नवी सुरू होतांच चालू असलेली जुनी आपोआप थांबते.

"पण मुख्य शाखेवर हें करायचें नाहीं, बाबा. तिथें पांच दुरुस्त्या ओळीनें आल्या आणि फक्त शेवटची तपासली, तर बिघाड आहे एवढेंच कळतें. तो कोणत्या दुरुस्तीनें आला तें कळत नाहीं. आणि नवी आवृत्ति बसवीत असतां काम मध्येंच तोडलें, तर अर्धें नवें अन् अर्धें जुनें!"

हें ऐकून आम्ही गप्प झालों. फार वर्षांपूर्वी नववीच्या साठ वह्यांचा ढीग सांचला असतां, आम्हीं तीन आठवड्यांचा गृहपाठ सोडून केवळ शेवटचा तपासला होता. एका हुशार मुलानें 'रामो करोति' असें लिहिलेलें दिसलें. अनवधान समजून आम्हीं तांबडी रेघ ओढली. पुढें वार्षिक परीक्षेंत त्यानें तेंच जागोजाग लिहिलें, तेव्हां मागील पानें चाळलीं. 'रामो गच्छति' शिकविलें त्याच दिवसापासून तो प्रत्येक व्यंजनापूर्वीं विसर्गाचा ओकार करीत होता! पहिल्याच आठवड्यांत पाहिलें असतें तर दोन मिनिटांचें काम होतें. त्याचे गुण गेले. चूक आमची होती. हें आम्हीं त्या मुलास कधीं सांगितलें नाहीं, सूनबाईस मात्र त्या रात्रीं सांगितलें.

तिनें वरिष्ठांस विचारून बाजूच्या शाखांपुरताच तो नियम घातला. अनंतचतुर्दशीच्या आरतीस ती वेळेवर आली. टाळ तिच्याच हातीं होते.