शक्यता जगाची की मनाची?

आयोडीन-१३१ थायरॉइडच्या उपचारात वापरतात. अर्धायुष्यकाल सुमारे ८ दिवस, म्हणजे आज असलेल्या अणूंपैकी जवळजवळ निम्मे आठ दिवसांत फुटणार. एकच अणू घेतला, तर तो आठ दिवसांत फुटण्याची शक्यता निम्मी. महिनाभर टिकला, तरी पुढच्या आठ दिवसांसाठी ती निम्मीच. अणू म्हातारा होत नाही. ही ‘निम्मी’ माझ्या डोक्यातली नाही. पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हाही ती तेवढीच होती.

*

गणिती लाप्लासने १८१४ मध्ये उलट बाजू मांडली: सगळे नियम आणि प्रत्येक कणाची स्थिती ठाऊक असलेल्या बुद्धीला अनिश्चित काही उरणारच नाही. शक्यता म्हणजे आपल्या अज्ञानाचं माप. नाणेफेकीपुरतं हे पटतं. पुंजयामिकीचा रूढ अर्थ मानला, तर अणूपुरतं पटत नाही.

*

तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्सी वयाच्या २६व्या वर्षी, १९३० साली गेला. १९२६ च्या निबंधात त्याने मनातली शक्यता, म्हणजे विश्वासाची मात्रा, मोजायची रीत दिली: माणूस कोणत्या भावाने पैज घेईल ते पाहा.

समजा, ‘आज पाऊस पडेल’ यावर माझा विश्वास ६० टक्के आणि ‘पडणार नाही’ यावरही ६० टक्के. मग पाऊस पडला तर शंभर रुपये देणारी पावती मी साठला घेईन, न पडला तर शंभर देणारीही साठला घेईन. गेले एकशे वीस, येणार शंभर. आभाळ काहीही करो, वीस रुपयांचा खड्डा ठरलेला. विश्वासांचा आपसात मेळ हवा, तो यासाठी.

*

गणिती ब्रूनो द फिनेत्ती याच्याही पुढे गेला: वस्तुनिष्ठ शक्यता नावाची चीजच नाही, आहेत ती माणसांची मतं. मात्र दोन माणसांनी कोणताही पर्याय आधीच बाद केला नसेल आणि निकालांच्या क्रमाला दोघेही महत्त्व देत नसतील, तर भरपूर निकाल पाहिल्यावर त्यांचे अंदाज जवळ येतात. हे गणित सुंदर आहे.

तरी मला ते पुरत नाही. आयोडीनचा अर्धायुष्यकाल नीट ठाऊक असूनही एखादा म्हणाला, ‘हा अणू आठ दिवस टिकेल, माझी ९९ टक्के खात्री’, आणि फुटण्यावर एक टक्का ठेवला, तर हिशेबात त्याला कुणी पकडू शकणार नाही. तरीही तो चुकतोच आहे.

*

ही चूक कोणती, ते तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसने १९८० मध्ये नेमकं सांगितलं: एखाद्या घटनेची वस्तुनिष्ठ शक्यता अमुक आहे हे ठाऊक असेल, तर विश्वासही तेवढाच ठेवावा. नाणं निर्दोष आहे याची पक्की खात्री असेल, तर मागचे दहा छापे अकराव्या फेकीबद्दल काही सांगत नाहीत.

अट एकच: निकालाची बातमी आधीच हाती नसावी. कालच्या सामन्याचं चित्रण आज पाहणाऱ्याला नाणेफेक कुणी जिंकली हे माहीत असतं. त्याने निम्म्यावर अडून राहण्यात शहाणपण नाही.

*

लुईसलाच पुढे पेच पडला. त्याच्या मते शक्यता म्हणजे जगाच्या साऱ्या इतिहासाचं उत्तम, आटोपशीर सार. पण यापुढचे आयोडीनचे सगळे अणू वर्षानुवर्षं टिकले तर? आजच्या नियमानुसार याची शक्यता अतिसूक्ष्म, पण शून्य नाही. तसं घडलं, तर आठ दिवसांचा नियमच सार म्हणून टिकणार नाही. म्हणून नियम खरा धरला, तर त्या भविष्यावरचा विश्वास शून्य हवा. लुईसचं तत्त्व म्हणतं, शून्याहून जास्त हवा. १९९४ मध्ये लुईस, थाऊ आणि हॉल या तत्त्वज्ञांनी तत्त्वालाच मुरड घालून वाट काढली.

*

तत्त्वज्ञ पॉपर वस्तुनिष्ठ शक्यतेला प्रयोगाच्या मांडणीतला खराखुरा कल मानतो. कल असेलही, पण माझ्या विश्वासाने त्याच्या मापाने का चालावं, हे नुसतं नाव दिल्याने सुटत नाही. लुईसचा पेच मोठा असला, तरी तो या प्रश्नाला भिडल्यामुळे पडलेला आहे. म्हणून माझा कौल त्याच्या बाजूने. विश्वास माझा असतो. त्याची मात्रा ठरवण्याची मुखत्यारी मात्र एकट्या माझी नाही.