पाठशाळा आणि शाळा

आमच्या बेळगावात रविवारच्या पाठशाळेत मुलं णमोकार म्हणतात, 24 तीर्थंकरांची नावं पाठ करतात. "हे शाळेतच शिकवलं तर?" मैत्रिणी विचारतात. मला नाही पटत. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको, असं घटनेचं कलम 28 सांगतं. योग्यच आहे ते. कुंभोजला जैन घरात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, ते सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहावं, जेवावं म्हणूनच ना? णमोकारात कुणा एकाचं नाव नाही, गुणांना वंदन आहे. त्याचा अर्थ पाठशाळेत, घरी आपण सांगू या. मुलांना तो कळला की नाही, हे मात्र शाळेत शेजारच्या बाकावरच्या मुलाशी ती कशी वागतात, त्यावरूनच दिसेल.